एकोणीस दिवस आणि दुसरा बेस: न्यू यॉर्क जायंट्सचा १९०८चा हंगाम

१९०८ सालच्या नॅशनल लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एकीचा, शेवटचा तक्ता असा आहे. शिकागो कब्ज: ९९ विजय, ५५ पराभव. न्यू यॉर्क जायंट्स: ९८ विजय, ५६ पराभव. पिट्सबर्ग पायरेट्स: ९८ विजय, ५६ पराभव. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रोज खेळायचं, आणि शेवटी तीन संघांमध्ये मिळून फरक काय तर एका सामन्याचा.

त्या एका सामन्याचं खापर गेली शंभराहून अधिक वर्षं फ्रेड मर्कल नावाच्या पोरावर फुटत आलं आहे. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि जायंट्स संघातला राखीव खेळाडू होता. विजयी फटका बसल्यावर दुसऱ्या बेसला पाय न लावता तो मैदानातून निघून गेला, पंचाने त्याला बाद दिलं आणि जिंकलेला सामना बरोबरीत गेला. अमेरिकेत बेसबॉलची थोडीफार माहिती असलेल्या कुणालाही 'मर्कल' म्हटलं की पुढचा शब्द आपोआप सुचतो: 'बोनहेड', म्हणजे आपल्याकडचा मठ्ठ.

मी स्वतः बरीच वर्षं क्लब क्रिकेटमध्ये पंचगिरी केली. पुस्तकात आहे पण मैदानावर कुणी पाळत नाही, असा नियम प्रत्येक पंचाच्या वाट्याला कधीतरी येतोच. तो लावला तर लोक म्हणतात आजच का, नाही लावला तर म्हणतात तुम्हाला नियम माहीत नाहीत. म्हणून या प्रकरणात मला मर्कलपेक्षा त्याच्याभोवतीच्या माणसांमध्ये जास्त रस आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पंचाचा निर्णय बरोबर होता, मर्कलची चूक खरी होती, आणि तरी या प्रकरणातले मोठे दोषी हे दोघं नाहीत.

संघ

जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ. बुटके, तापट, पंचांच्या अंगावर धावून जाणारे, आणि खेळाची बारीकसारीक अक्कल असलेले. लोक त्यांना 'लिटल नेपोलियन' म्हणत. त्यांच्या हाताखाली संघाने १९०४ साली लीग जिंकली, १९०५ साली लीग आणि वर्ल्ड सिरीज (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) दोन्ही जिंकल्या. त्यानंतर मात्र शिकागोचं राज्य आलं. १९०६ साली कब्जने ११६ सामने जिंकले, १९०७ साली १०७. त्या १९०७मध्ये जायंट्स चौथे आले. मॅकग्रॉंना चौथा नंबर सहन होणं शक्यच नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांनी अर्धा संघ मोडला. पाच खेळाडू बोस्टनला दिले आणि तिथून तीन घेतले. त्यात पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक फ्रेड टेनी आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) अल ब्रिडवेल हे दोघे महत्त्वाचे. टेनीचं वय ३६. ते नाव लक्षात ठेवा, त्याच्या कंबरेमुळेच पुढचं सगळं घडलं. एक वर्ष खेळाबाहेर राहिलेला माइक डॉनलिन परत आला आणि त्याने .३३४च्या सरासरीने (दर हजार प्रयत्नांमागे ३३४ यशस्वी) फटके मारले. कॅचर रॉजर ब्रेस्नाहन. पायांना पॅड बांधून उभा राहतो म्हणून आदल्या वर्षी लोक त्याला हसले होते; आपल्या यष्टिरक्षकाला तसं बघायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना त्यात हसण्यासारखं काहीच सापडणार नाही.

आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, क्रिस्टी मॅथ्यूसन. त्याचे त्या वर्षीचे आकडे आज वाचताना छपाईची चूक वाटते: ३७ विजय, ११ पराभव, ३९०हून जास्त इनिंग्ज (एका सामन्यात नऊ), एकूण ५६ सामने. त्यातले ४४ त्याने सुरू केले. उरलेल्या सामन्यांत दुसऱ्याने सुरुवात केली आणि पाणी गळ्याशी आल्यावर मॅकग्रॉंनी मॅथ्यूसनला हाक मारली. प्रत्येक नऊ इनिंग्जमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.४३.

आजच्या बेसबॉलच्या मापाने हे मोजू नये. तेव्हा एकच चेंडू बहुतेक सामनाभर वापरत. तो मळका होई, मऊ पडे, थुंकी लावून टाकला तरी चाले. त्या साली एका संघाच्या सरासरी धावा सामन्यामागे साडेतीनच्याही खाली होत्या आणि दोन्ही मोठ्या लीगमधल्या फलंदाजांची सरासरी .२३९ होती. एक-शून्य, दोन-एक असे निकाल रोजचेच. अशा खेळात एका धावेला सोन्याचा भाव असतो आणि पंचाच्या एका शब्दाला त्याहून जास्त. ४ जुलैला जायंट्सचा दुसरा पिचर हूक्स विल्ट्सी याने फिलाडेल्फियाच्या ओळीने २६ जणांना बाद केलं. सत्ताविसावा त्यांचा पिचर होता. त्याला टाकलेला एक चेंडू खरं तर स्ट्राइक होता, म्हणजे तो बाद व्हायला हवा होता, पण पंच साय रिगलर यांनी तो बॉल (चुकीचा टाकलेला चेंडू) ठरवला, आणि पुढचा चेंडू त्या फलंदाजाच्या अंगावर आदळला, त्यामुळे त्याला पहिला बेस फुकट मिळाला. एकालाही बेसवर न पोचू देण्याचा, इतिहासात फार थोड्यांना साधलेला निर्दोष सामना तिथेच गेला. आपली चूक झाली हे रिगलर यांनी पुढे मान्यही केलं. जायंट्स तो सामना दहाव्या इनिंगमध्ये १-० जिंकले, म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

नियम आणि रिवाज

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबावं लागेल.

मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार जागा: पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि होम प्लेट. एका बेसवर एकाच धावकाला उभं राहता येतं. फलंदाजाने चेंडू मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळणं भाग, आणि म्हणून तिथे आधीपासून असलेल्याला दुसऱ्याकडे सरकणं भाग. ज्याला असं सरकणं भाग आहे त्याच्या अंगाला चेंडू लावायची गरज नसते. क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात धरून त्या बेसवर पाय ठेवला की तो बाद. याला 'फोर्स आउट' म्हणतात. इनिंगमधला तिसरा, म्हणजे शेवटचा, गडी जर असा बाद झाला, तर त्या फटक्यावर होम प्लेटवर पोचलेली धाव धरत नाहीत, मग ती आधी का पोचलेली असेना.

क्रिकेटमध्ये बसवून पाहा. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी आहे. फलंदाज तटवतो, पळतो, समोरच्या टोकाला पोचतो. नॉन-स्ट्रायकर मात्र अर्ध्या खेळपट्टीवरूनच हात उंचावत पॅव्हेलियनकडे वळतो. कुणीतरी शांतपणे चेंडू उचलून यष्टी पाडली तर धाव गेली आणि हातातला विजयही गेला.

हा नियम १९०८च्या पुस्तकात स्पष्ट होता. रिवाज वेगळा होता. विजयी फटका बसला, तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी आला की बाकीचे धावक जिथे असतील तिथून ड्रेसिंग रूमकडे पळत. त्याला व्यवहारी कारण होतं. सामना संपला की प्रेक्षक मैदानातूनच बाहेर पडत. जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर तर खेळाडूंची इमारत सेंटर फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या लांबच्या भागाच्या, पलीकडे होती, म्हणजे हजारो लोकांच्या लोंढ्यातून वाट काढत तिथे पोचायचं. पहिल्या बेसवरचा धावक दुसऱ्या बेसवर पाय टेकवून मग पळाला काय किंवा सरळ पळाला काय, कुणी बघत नसे.

एकजण मात्र बघत होता. शिकागोचा सेकंड बेसमन जॉनी एव्हर्स. अंगाने किरकोळ, जबड्याने पुढे आलेला, नियमांचं पुस्तक पाठ असलेला आणि भांडायला कायम तयार. असा माणूस प्रत्येक संघात असतो आणि आपल्या संघात असेपर्यंतच आवडतो.

४ सप्टेंबर, पिट्सबर्ग

शिकागो विरुद्ध पिट्सबर्ग. दहावी इनिंग, ०-०. तिन्ही बेसवर पिट्सबर्गचे धावक, दोन बाद. ओवेन विल्सनने फटका मारला, तिसऱ्या बेसवरून फ्रेड क्लार्क घरी आला, सामना संपला. पहिल्या बेसवर वॉरन गिल नावाचा नवा खेळाडू होता. तो रिवाजाप्रमाणे दुसऱ्या बेसला पाय न लावता वळून निघून गेला.

एव्हर्सने चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि पंच हँक ओडे यांना हाका मारू लागला. ओडे त्या दिवशी एकटेच पंच होते आणि मैदान सोडून निघाले होते. गिल दुसऱ्या बेसवर गेला की नाही हे आपण पाहिलं नाही, धाव आली, सामना संपला, असं त्यांचं म्हणणं. शिकागोने लेखी हरकत घेतली. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ती फेटाळली. पंचाने जे पाहिलंच नाही त्यावर अध्यक्ष काय निर्णय देणार, इतपत ते ठीकच.

पण इथेच एक काम राहून गेलं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच अडकलं आहे. हरकत फेटाळताना पुलियम यांच्या कार्यालयाने आठही संघांना एक ओळीचं पत्र पाठवायला हवं होतं: यापुढे हा नियम लावला जाईल, आपापल्या खेळाडूंना सांगा. तसं पत्र गेलं नाही. एव्हर्स मात्र पुढे सांगत असे की ओडे यांनी त्याच्याशी बोलताना मान्य केलं होतं की पुन्हा असं घडलं तर आपण लक्ष ठेवू. म्हणजे नियम जागा झाला होता, हे माहीत होतं फक्त एका संघाला आणि एका पंचाला.

हे वर्तमानपत्रांत छापूनही आलं होतं. मॅकग्रॉ वर्तमानपत्र वाचत नव्हते असं नाही. खेळाडूंच्या बुटांच्या लेसपर्यंत लक्ष घालणाऱ्या त्या माणसाने ही बातमी वाचून ड्रेसिंग रूममध्ये दोन वाक्यं बोलली असती तर पुढचं काही झालं नसतं. एकोणीस दिवस हातात होते.

२३ सप्टेंबर, पोलो ग्राउंड्स

आदल्या दिवशी शिकागोने न्यू यॉर्कमध्ये येऊन एकाच दिवसात दोन सामने जिंकले होते. त्या सकाळी जायंट्स ८७-५० आणि कब्ज ९०-५३. टक्क्यांत जायंट्स केसभर पुढे.

सकाळी टेनी उठला तो कंबर धरूनच. त्या अख्ख्या हंगामात तो एकच सामना चुकला, आणि तो हा. त्याच्या जागी मॅकग्रॉंनी मर्कलला पाठवलं. त्या वर्षी मर्कलला बॅट घेऊन उभं राहायची संधी मिळाली ती सबंध हंगामात मोजून ४१ वेळा. सामना पहिल्यापासून खेळायची ही त्याची त्या हंगामातली पहिलीच वेळ. बाकावर बसून मॅकग्रॉंच्या शेजारी खेळ शिकायचा, हीच त्याची नोकरी.

मॅथ्यूसन विरुद्ध शिकागोचा पिचर जॅक फिस्टर. पाचव्या इनिंगमध्ये शिकागोच्या जो टिंकरने मारलेला चेंडू मैदानातच इतका लांब गेला की तो चारही बेस पळून आला. सहाव्यात डॉनलिनच्या फटक्यावर जायंट्सने बरोबरी केली. १-१. नववी इनिंग, जायंट्सची फलंदाजी. एक बाद असताना डेव्हलिन पहिल्या बेसवर पोचला. मॅककॉर्मिकच्या जमिनीलगतच्या फटक्यावर डेव्हलिन दुसऱ्या बेसवर बाद, मॅककॉर्मिक पहिल्यावर. दोन बाद. मग मर्कल आला आणि त्याने उजवीकडे सणसणीत फटका मारला. मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर, मर्कल पहिल्यावर. हा फटका लोक विसरतात. त्या पोराने आपलं काम चोख केलं होतं.

ब्रिडवेलने पहिल्याच चेंडूवर फटका मारला. चेंडू इतका सरळ आणि खालून गेला की बेसजवळचे पंच बॉब एम्स्ली यांनी चुकवायला अंग जमिनीवर टाकलं. चेंडू सेंटर फील्डमध्ये, मॅककॉर्मिक घरी, २-१. वीसेक हजार लोकांची गर्दी आडोसे ओलांडून मैदानात उतरली. मर्कलने अर्ध्या वाटेत मागे बघितलं, गर्दी येताना पाहिली आणि सेंटर फील्डमधल्या इमारतीकडे धूम ठोकली.

पुढच्या दोनतीन मिनिटांच्या हकिगती जितकी माणसं तितक्या आहेत. एव्हर्स चेंडूसाठी ओरडत होता हे नक्की. सेंटर फील्डमधून हॉफमनने चेंडू फेकला. जायंट्सचा जुना पिचर जो मॅकगिनिटी तिसऱ्या बेसजवळ प्रशिक्षक म्हणून उभा होता. काय चाललंय हे त्याच्या लक्षात आलं, त्याने मध्ये घुसून चेंडू मिळवला आणि गर्दीत भिरकावून दिला. शिकागोवाले म्हणतात की आमच्या माणसांनी तोच चेंडू एका प्रेक्षकाच्या हातून हिसकावला. जायंट्सवाले म्हणतात की एव्हर्सच्या हातात होता तो भलताच चेंडू. काही का असेना, एव्हर्स हातात एक चेंडू धरून दुसऱ्या बेसवर उभा होता आणि पंचांना बोलावत होता.

एम्स्ली म्हणाले, मी जमिनीवर होतो, मी पाहिलं नाही. होम प्लेटच्या मागे या वेळी होते हँक ओडे. ओडे यांनी पाहिलं होतं. मर्कल बाद, धाव नाही, सामना १-१. गर्दी हटवून खेळ पुढे नेणं अशक्य, वर अंधार पडत चाललेला, म्हणून सामना बरोबरीत. शिकागोचे खेळाडू पोलिसांच्या गराड्यातून बाहेर पडले.

एक तांत्रिक बाजू राहते. प्रशिक्षकाने खेळात असलेल्या चेंडूला हात लावला, तर तेवढ्यावरच धावकाला बाद देता येतं असा युक्तिवाद तेव्हाही झाला. म्हणजे मॅकगिनिटीने हुशारी म्हणून जे केलं, त्यानेच ओडे यांचं काम सोपं झालं. माझ्या पंचगिरीच्या अनुभवात असं फार वेळा पाहिलं आहे. चूक झाल्यावर ती झाकायला धावणारा माणूसच तिच्यावर शिक्का मारतो.

कागदावरची लढाई

पुलियम यांनी ओडे यांचा निर्णय कायम केला. दोन्ही संघ भडकले. जायंट्स म्हणाले, आम्ही जिंकलो आहोत. शिकागो म्हणाले, यजमानांना मैदान मोकळं करता आलं नाही, तेव्हा सामना आम्हालाच बहाल करा. दुसऱ्या दिवशी शिकागोचा संघ बरोबरीचा सामना पुन्हा खेळायला म्हणून ठरल्या वेळेच्या आधीच मैदानावर येऊन उभा राहिला आणि समोर कोणी नाही म्हणून तोही सामना मागू लागला. व्यवस्थापक फ्रँक चान्स या बाबतीत एव्हर्सच्या तोडीचा होता.

पुलियम यांच्या मागे आणखी एक लफडं होतं. अध्यक्ष होण्याआधी ते पिट्सबर्ग संघाच्या कारभारात होते. शर्यतीतला तिसरा संघ पिट्सबर्ग. न्यू यॉर्कमध्ये त्यांच्या प्रत्येक निर्णयाकडे त्याच नजरेने पाहिलं जायचं.

शेवटी प्रकरण लीगच्या संचालकांपुढे गेलं: ब्रुकलिनचे चार्ल्स एबेट्स, बोस्टनचे जॉर्ज डोव्ही, सिनसिनाटीचे गॅरी हर्मन. तिघांच्याही संघांना विजेतेपदाशी देणंघेणं उरलेलं नव्हतं. त्यांनी सामना रद्द धरला आणि गरज पडली तर हंगाम संपल्यावर ८ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर पुन्हा खेळावा, असं ठरवलं.

ते पाच पराभव

आता हिशेब. २३ सप्टेंबरनंतर जायंट्सनी उरलेल्या वेळापत्रकात ११ सामने जिंकले आणि ५ हरले. हे पाच पराभव कुठले?

दोन २५ सप्टेंबरला, एकाच दिवशी, सिनसिनाटीविरुद्ध. त्यातल्या एका सामन्यात रूब मार्क्वार्ड नावाचा २१ वर्षांचा दुसरा एक पोरगा पहिल्यांदा मैदानात उतरला. जायंट्सनी त्याला ११,००० डॉलर मोजून विकत घेतलं होतं, तेव्हाची विक्रमी रक्कम. मार खाऊन परतला. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली, पण हंगाम त्याने घालवला असं कुणी म्हटलं नाही.

उरलेले तीन फिलाडेल्फियाविरुद्ध, आणि तिन्ही एकाच माणसाकडून. हॅरी कोव्हेलेस्की. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला डावखुरा पिचर, नुकताच छोट्या लीगमधून आलेला. २९ सप्टेंबर, १ ऑक्टोबर, ३ ऑक्टोबर. पाच दिवसांत तीनदा त्याने जायंट्सना हरवलं, आणि शेवटच्या सामन्यात समोर खुद्द मॅथ्यूसन होता. फिलाडेल्फियाला त्या विजयांचा काडीचा उपयोग नव्हता.

या पाचातला एक सामना जिंकला असता तर? तर ८ ऑक्टोबरच्या फेरखेळाआधीच जायंट्स एका विजयाने पुढे असते, आणि तो सामना हरून त्यांचं फार तर बरोबरीवर निभावलं असतं. दोन जिंकले असते तर मर्कलचं नाव एखाद्या तळटीपेत गेलं असतं. पण पाच पराभवांची बोच पंचवीस खेळाडूंत वाटली जाते. एका धावकाचा पाय मात्र एकट्याचाच असतो.

४ ऑक्टोबरला शिकागोने पिट्सबर्गला ५-२ हरवलं आणि पायरेट्स ९८-५६वर थांबले. तीस हजारांवर माणसं शिकागोच्या मैदानावर होती. आता जायंट्सना बोस्टनविरुद्धचे तीनही सामने जिंकणं भाग होतं, तेव्हा कुठे बरोबरी. त्यांनी ते जिंकले. कब्ज ९८-५५, जायंट्स ९८-५५. फेरसामना अटळ झाला.

८ ऑक्टोबर

सकाळपासून लोक येत होते. जागा संपल्यावर दरवाजे बंद झाले, तेव्हा लोकांनी कुंपणाच्या फळ्या काढल्या. वर कूगन्स ब्लफच्या टेकडीवर माणसं, उन्नत रेल्वेच्या खांबांवर माणसं. त्या खांबावरून पडून एकजण मेला. शिकागोचा पिचर मॉर्डकाय ब्राऊन याला ठार मारण्याच्या धमकीची पत्रं आली होती. लहानपणी शेतातल्या यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताचं बोट गेलं होतं आणि बाकीची वाकडी झाली होती. त्याच वाकड्या बोटांतून त्याचा चेंडू विचित्र वळे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी प्रेक्षकांना माहीत नव्हती. पंच बिल क्लेम आणि जिम जॉनस्टन यांना सामन्याआधी जायंट्सच्या बाजूने लाच देऊ केली गेली. दोघांनी ती धुडकावली आणि कळवली. पुढे संघाच्या डॉक्टरांना मैदानांवर आयुष्यभराची बंदी झाली. त्यांच्यामागे कुणी होतं का, याच्या खोलात कुणी गेलं नाही.

फिस्टरने सुरुवात वाईट केली. पहिल्याच फलंदाजाला, म्हणजे बऱ्या झालेल्या टेनीलाच, चेंडू मारला, दुसऱ्याला मोकळा पहिला बेस दिला. डॉनलिनच्या फटक्यावर टेनी घरी आला. चान्सने लगेच ब्राऊनला बोलावलं. गर्दी ढकलत ब्राऊन आला आणि त्याने ती इनिंग तिथेच थांबवली.

तिसऱ्या इनिंगमध्ये टिंकर पुढे आला. टिंकर मॅथ्यूसनला नेहमी मारायचा, हे अख्ख्या लीगला ठाऊक होतं. मॅथ्यूसनने सेंटर फील्डमधल्या साय सेमूरला मागे सरकायची खूण केली असं म्हणतात. सेमूर फार सरकला नाही. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, टिंकर तिसऱ्या बेसवर. त्या इनिंगमध्ये शिकागोच्या चार धावा झाल्या, शेवटच्या दोन चान्सच्या फटक्यावर. मॅथ्यूसन त्या दिवशी थकलेला होता. वर्षभरात ३९० इनिंग्ज टाकलेला हात आणखी काय करणार? सातव्यात जायंट्सचे तिन्ही बेस भरले, एकही बाद नाही. मॅकग्रॉंनी मॅथ्यूसनच्या जागी लॅरी डॉयलला पाठवलं. त्याने चेंडू वर उडवला आणि प्रेक्षक बाटल्या फेकत असताना कॅचर क्लिंगने तो झेलला. एकच धाव आली. ४-२. ब्राऊनचा तो २९वा विजय, मॅथ्यूसनचा अकरावा पराभव.

शेवटचा गडी बाद होताच शिकागोचे खेळाडू जिवाच्या आकांताने पळाले. चान्सच्या मानेवर जबर फटका बसला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी डेट्रॉइटला ४-१ हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. ते जेतेपद शिकागो कब्जच्या घरी पुन्हा आलं ते २०१६ साली.

नंतर

जायंट्सचे मालक जॉन ब्रश यांनी आपल्या खेळाडूंना पदकं करून दिली. त्यांवर 'खरे विजेते, १९०८' अशा अर्थाचे शब्द होते. हंगामाचा गल्लाही लहान नव्हता: पोलो ग्राउंड्सवर त्या वर्षी नऊ लाखांहून जास्त प्रेक्षक आले होते.

पुलियम यांची प्रकृती पुढच्या वर्षी ढासळली. ते रजेवर गेले, परत आले. जुलै १९०९मध्ये न्यू यॉर्कमधल्या एका क्लबातल्या आपल्या खोलीत त्यांनी स्वतःवर गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. वय ४०. एका सामन्याने माणूस मरत नाही, कारणं आत खोलवर असतात. पण शेवटचं वर्ष त्यांनी कशात काढलं ते सगळ्यांना दिसत होतं.

ओडे यांना २०१३ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली, मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

मर्कलला मॅकग्रॉंनी काढलं नाही. उलट पुढच्या वर्षी पगार वाढवून दिला, आणि त्याला दोष दिला नाही, हे त्यांचं मोठेपण. (एकोणीस दिवसांचा दोष आपलाच आहे हे त्यांना कळलं असावं, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.) मर्कल १६ हंगाम मोठ्या लीगमध्ये खेळला, तीन संघांकडून मिळून पाच वर्ल्ड सिरीज खेळला आणि पाचही हरला. गंमत म्हणजे शेवटची १९१८ची, शिकागो कब्जकडून. निवृत्तीनंतर तो बरीच वर्षं बेसबॉलपासून लांबच राहिला. १९५०मध्ये जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमाला पोलो ग्राउंड्सवर गेला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आपल्याकडे याचा उलटा प्रकार आहे. १९४७ साली सिडनीत विनू मांकडने बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावचीत केलं. नियम मांकडच्या बाजूने होता, रिवाज ब्राऊनच्या. तिथे नियम पाळणाऱ्याचं नाव पडलं. मर्कलच्या बाबतीत रिवाज पाळणाऱ्याचं पडलं. नियम झोपू देणाऱ्या कार्यालयांचं नाव मात्र दोन्हीकडे पडलं नाही.

राहिला वॉरन गिल, ज्याने हेच सगळं एकोणीस दिवस आधी केलं होतं. तो त्या वर्षी २७ सामने खेळला आणि मोठ्या लीगमध्ये परत कधी दिसला नाही. त्याला मठ्ठ कुणी म्हटलं नाही. ४ सप्टेंबरची ती धाव आजही धाव म्हणूनच नोंदलेली आहे, आणि पिट्सबर्गच्या ९८ विजयांत तो विजय धरलेला आहे.